फ्यूजच्या जागची तार

अकरा वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या स्कूटरमध्ये फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातली होती, ती मी.

फ्यूज म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी एव्हाना कपाळाला हात लावला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. स्कूटरच्या सीटखाली, बॅटरीच्या शेजारी, बोटाच्या पेराएवढा एक फ्यूज असतो. कुठे तार सोलून पत्र्याला टेकली की आधी तो जळतो आणि पुढची वायरिंग वाचते. आक्काच्या गाडीचा फ्यूज सारखा जायचा. भाऊबीजेला गेलो तेव्हा पुन्हा गेलेला. नवा जवळ नव्हता, दुकान लांब चाकणला, आणि आत पाट मांडून झाला होता. मी तांब्याच्या तारेचे दोन वेढे दिले आणि म्हणालो, "झालं बघ आक्का. आता जायचा नाही."

ते मात्र खरं झालं. फ्यूज पुन्हा गेला नाही. तीन आठवड्यांनी ती दिवेलागणीला अंगणवाडीच्या मीटिंगहून येत असताना हेडलाइटखालून धूर निघाला, दिवा विझला, गाडी बंद पडली आणि आक्का रस्त्याकडेच्या चरात गेली. उजवं मनगट मोडलं.

गावात स्कूटर चालवणारी ती पहिली बाई. त्यामुळे पारावर निकाल लगेच लागला. गाडी चालवायची तर ती राखायलाही यावी लागते, बाईमाणसाला ते कुठलं झेपायला. दाजी स्वभावाने गरीब, पण तेही मान हलवून म्हणाले, "व्हय, सर्व्हिसिंगचं तिला काय कळतंय." मी त्याच पारावर बसलो होतो. बशीत चहा ओतला होता, तो मी प्यालो.

आणि माझा धंदा काय, तर चाकणच्या एका कंपनीत वायरिंग हार्नेसचं फायनल इन्स्पेक्शन. हार्नेस म्हणजे गाडीतल्या सगळ्या तारांची बांधलेली जुडी. ती जुडी आवळणारा एखादा प्लास्टिकचा टाय पेरभर सरकलेला दिसला तरी मी लाल शिक्का मारतो. लाइनवरची पोरं मला मागून 'रिजेक्टकाका' म्हणतात.

आक्का म्हणाली, "घेऊन जा ती गाडी, मला नको." मी निगडीला आणली, जळकी वायरिंग काढून नवी बसवली, आणि फ्यूजच्या जागेवरून निघालेली काळी पडलेली तार दाढीच्या डब्यात टाकली. नंतर अकरा वर्षं ती गाडी चालवली थोडी, सेवाच जास्त केली. गिअर ऑइल वेळेवर, प्लग साफ, दर रविवारी हवा, महिन्याला बॅटरीची टर्मिनलं गरम पाण्याने धुऊन वर पेट्रोलियम जेलीचा हात. सोसायटीतला एक जण म्हणालाही, "राव, एवढं तर कुणी बायकोचं करत नाही." बायको शेजारीच उभी होती.

या नवरात्रात आक्काचा फोन आला.

"सुध्या, माझी गाडी चालू हाय का रं?"

'माझी गाडी' हे शब्द तिच्या तोंडून अकरा वर्षांत आले नव्हते.

"आहे की."

"मला वरच्या वाडीची पण अंगणवाडी दिलीया. चालत तास लागतो, आन तुझं दाजी सोडत्यात ते उपकार केल्यावानी. दसऱ्याला आणून दे. पूजा हितंच करू."

म्हणजे ती पुन्हा चालवणार होती. आणि खरं काय झालं होतं ते न सांगता तिच्या हातात किल्ली देणं मला शक्य नव्हतं. या प्रवासाचं कारण एवढंच.

खंडेनवमी : निगडी ते तळेगाव

निगडीहून आक्काच्या गावाला तळवड्यावरून गेलं तर फार तर दीड तास. मला दोन दिवस लागले. लोक लडाखला जाऊन आल्यावर लिहितात. माझ्या वाट्याला हाच प्रदेश आला.

सकाळी कंपनीत मशिनांची पूजा झाली. टेस्टिंग बोर्डाला झेंडूची माळ, सुपरवायझरच्या कपाळाला कुंकू, हातात दोन पेढे आणि दुपारी सुट्टी. घरी आलो तर बायकोने, मंगलने, माझी पक्कड, डिसमिस, मल्टिमीटर सगळं देवासमोर पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलेलं. वाटेत लागेल म्हणून निदान डिसमिस तरी न्यावा, असं मनात आलं.

"हात लावून बघा," मंगल म्हणाली.

मी तीन जादा फ्यूज घेतले, दाढीच्या डब्यातली तार शर्टाच्या खिशात ठेवली आणि निघालो. निघताना सांगितलं की तळवड्याच्या रस्त्याला फार खड्डे आहेत, म्हणून तळेगाव, इंदोरी करत जातो. खड्डे चाकण रस्त्यालाही आहेत हे तिला ठाऊक होतं. वाट लांबवण्यामागचं खरं कारण तिला ठाऊक नव्हतं.

देहूरोडला चहाला थांबलो. चहा घेऊन निघालो तर सेल्फ लागेना, हॉर्न वाजेना. फ्यूज गेला होता. दुसरा घातला. थोडं पुढे गेल्यावर पाणी प्यायला थांबलो, तोही गेला. सोमाटण्याच्या अलीकडे मुद्दाम थांबायचंच नाही असं ठरवलं, तर समोर उसाचा रस दिसला. तिसरा घातलेला तिथे गेला. इंजिनाला याचं काही नव्हतं, किक मारली की गाडी सुरू. पण हॉर्न, इंडिकेटर, मागचा ब्रेकचा दिवा, सगळं मुकं. हातातला शेवटचा फ्यूज घालायची हिंमत होईना.

रसवंतीवर एक टेम्पोवाला माझी धडपड बघत उभा होता. त्याने खिशातून सिगरेटचं पाकीट काढलं, आतली चांदी फाडली आणि मला देऊ लागला.

"ही गुंडाळा ना भाऊ. परत जाणारच नाही."

हे वाक्य कुठे ऐकलंय असं वाटलं, मग आठवलं की ते मीच बोललो होतो. मी म्हणालो, "नको."

"अहो, सगळे करतात."

"म्हणूनच नको."

"मग बसा ओरडत," तो म्हणाला. आणि मी खरोखरच ओरडत गेलो. आपल्याकडे हॉर्नशिवाय दुचाकी चालवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत मुक्याने वाढप करणं. कुणाला काही कळत नाही आणि सगळे पाय तुडवतात. "ओ काका," "ओ ताई," "सरका जरा," असं करत निघालो. एका आजोबांनी वळून विचारलं, "कुणाचा रे तू?" उजवीकडे वळायचं म्हणून हात काढला, तर मागचा रिक्षावाला शेजारी येऊन म्हणाला, "कुठं जायचंय?" मी म्हटलं, मी गाडीवर आहे. तो म्हणाला, "ते दिसतंय, पण हात केलात म्हणून."

तळेगाव, एक मुक्काम

तळेगावात तीन गॅरेजं पाहिली. तिन्हीकडे हत्यारं पाटावर आणि मालक उंबऱ्यात. चौथं एका बोळात होतं, 'भागवत ऑटो इलेक्ट्रिक'. भागवत लातूरकडचा, माझ्याच वयाचा. तोही उंबऱ्यातच बसला होता, मागे पक्कड, टेस्टर आणि सोल्डरिंगची गन झेंडूच्या फुलांत.

"आज न्हाई हो भाऊ. हत्यारं बसलीत."

"एकच स्क्रू आहे."

"स्क्रू एक आसला तरी डिसमिस उचलावा लागतोय की. उद्या पूजा झाली की पैलं तुमचं." मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "काय हुतंय गाडीला?"

"चहाला थांबलो की फ्यूज जातो."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "चहा तुमी पिताव का गाडी?"

मग तो उठला आणि हात मागे बांधून गाडीभोवती फिरला. हत्याराशिवाय मेकॅनिक काय करणार, असं मला वाटत होतं. त्याने फक्त प्रश्न विचारले.

"टपरी कुठल्या अंगाला हुती?"

"डाव्या."

"पाणी प्यालाव ती?"

"डाव्या."

"आन रसवंती?"

"तीपण." रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणाऱ्या देशात माणूस चहाला दुसरीकडे थांबणार कुठे.

"मंग चहाचा काय बी दोष न्हाई. हँडल डावीकडं वळलं की जातोय."

सिद्ध करायचं तर आणखी एक फ्यूज जाळावा लागणार होता. तो दुकानातून घ्यायचा, तर नवमीला फ्यूज हत्यारात धरायचा की मालात, असा प्रश्न आला. भागवतने आत बायकोला विचारलं. आतून उत्तर आलं, "माल हाय तो. काल तर इकत हुतो." मालाला हात लावायला हरकत नव्हती. फ्यूज घातला, मी हॉर्न दाबून धरला, त्याने हँडल उजवीकडे फिरवलं. हॉर्न वाजत राहिला. डावीकडे फिरवलं आणि हॉर्न मध्येच थांबला.

भागवतने हँडलखालच्या फटीत दोन बोटं घातली आणि डोळे मिटून चाचपलं, वैद्य नाडी बघतो तसं.

"हितं टाय लई आवळून बांदलाय. तारा ताणून बसल्यात. वळलं की पत्र्याला घासतेत. वरसानुवरसं घासून सोलल्या बगा. कोण बांदलाय हे?"

"होता एक जण."

"मेकॅनिक?"

"नाही. कंपनीतला इन्स्पेक्टर."

"तरीच," भागवत म्हणाला.

तो टाय माझा होता. नवी वायरिंग बसवताना मीच घातला होता. पण खरा हिशेब त्या उंबऱ्यात उभं राहिल्यावर लागला. जळलेल्या वायरिंगवरही तिथेच, तसाच टाय मी बांधला होता. अकरा वर्षांपूर्वीच्या गणपतीत तारा लोंबताना दिसल्या, इन्स्पेक्टरला ते बघवलं नाही, म्हणून आवळल्या. त्यानंतरच आक्काचा फ्यूज सारखा जायला लागला होता. म्हणजे आजार मी दिला आणि औषध म्हणून तारही मीच घातली. इतकी वर्षं मी एका अपराधाचं ओझं वाहत होतो. तळेगावात कळलं, दोन होते.

"लोक फ्यूजवर चिडतेत," भागवत सांगत होता. "आवो, ते बिचारं काय तरी सांगायलंय. आन लोक तार घालून त्याचंच तोंड बंद करतेत."

मी म्हटलं, मी असाच जातो, हळूहळू.

"कुणाला द्यायची हाय गाडी?"

"बहिणीला."

"आन बहिणीला आशी देणार? ऱ्हावा हितंच."

राहिलो. बाहेरच्या खोलीत चटई मिळाली, आणि त्याआधी जेवण. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. गरम पाण्यात फोडणीला घातलं की दाट, काळसर आमटी होते. आमच्याकडे पाहुणा आला की मंगल डाळीला आधी शिट्ट्या मोजते. इथे मी हात धुऊन येईपर्यंत वाटी भरलेली होती. वहिनींनी चौथी भाकरी वाढताना विचारलंही नाही. भागवत म्हणाला, "खावा भाऊ, हत्यारं बसलीत, हात न्हाई बसलं."

दसरा : चाकण रस्ता

सकाळी पूजा झाली. भागवतने नारळ फोडला, पाटावरचं कटर उचललं, कुंकू पुसलं नाही, आणि गाडीपाशी आला. मी म्हणालो, "भागवतभाऊ, तो इन्स्पेक्टर म्हणजे मीच."

हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने बोललो होतो, आणि तेही ज्याला कालपर्यंत ओळखत नव्हतो अशा माणसासमोर. भागवतने कटर माझ्या हातात दिलं.

"मंग तुमीच सोडा. दसऱ्याचं पैलं काम हाय, चांगलं करा."

त्याने पुढचं कव्हर उघडलं. मी टाय कापला. तारा एकदम सैल पडल्या, कुणीतरी श्वास सोडावा तशा. सोललेल्या दोन तारांवर नवी नळी चढवली. मग भागवतने मला माझ्याच धंद्यातली गोष्ट शिकवली: हँडल आधी पुरतं एका बाजूला वळवायचं, मग दुसऱ्या, तारांना किती ढील लागते ते बघायचं, आणि मग टाय बांधायचा, तोही बोट सरकेल इतका. मी रोज हार्नेस सरळ टेबलावर ठेवून तपासतो. टेबल कधी डावीकडे वळत नाही.

इंदोरी ओलांडून चाकण रस्त्याला लागलो आणि गोंधळलो. या रस्त्याने मी रोज कंपनीच्या बसमध्ये झोपून जातो. जाग येते ती कंटेनरच्या हॉर्नने. आज सगळ्या कंपन्यांना सुट्टी. महाळुंग्यापर्यंत रस्ता रिकामा, दोन्ही बाजूंना कंटेनर ओळीने उभे, प्रत्येकाच्या कपाळाला झेंडूची माळ, चाकाखाली फुटलेलं लिंबू. काल हॉर्न नव्हता तेव्हा अख्खा महामार्ग समोर होता. आज खणखणीत हॉर्न होता आणि वाजवायला कुणी नव्हतं. शेवटी एका म्हशीला वाजवला. तिने ढुंकूनही पाहिलं नाही, पण मला बरं वाटलं. डावीकडची प्रत्येक टपरी बघून थांबलो. तीन चहा झाले. फ्यूज टिकला.

चौथ्या टपरीवर लक्षात आलं की आता मी फ्यूज तपासत नव्हतो, वेळ काढत होतो.

आक्काचं गाव

आक्का अंगणात उभी होती, हातात पूजेचं ताट. गाडीकडे बघितलं, आणि आधी उजवा हात सीटवरून फिरवला. ते मनगट अजून थोडं वाकडं आहे.

"चकाचक ठेवलीस रं."

दाजी आणि बाकीची माणसं शिवेवर सोनं लुटायला गेली होती. अंगणात आम्ही दोघंच. मी खिशातली तार काढून ताटात ठेवली, हळदीशेजारी.

"हे काय?"

मी सांगितलं. तार सांगितली, टाय सांगितला, गणपती आणि भाऊबीज दोन्ही सांगितलं. फार वेळ लागला नाही. अकरा वर्षांची गोष्ट जेमतेम एका गाडीला हार घालण्याइतक्या वेळात संपली.

आक्काने ताट गाडीच्या सीटवर ठेवलं. मग म्हणाली, "पारावर त्या दिशी तू बसला हुतास."

"हो."

"डोळं मिटून दूध पीत हुतास."

"चहा."

"तेच ते." तिने तार उचलून उजेडाकडे धरली. "मला वाटायचं, माझंच चुकलं. धूर बघून मी हँडल सोडलं म्हून पडले. अजून कधी कधी झोपंत हँडल घट्ट धरते मी. तुझं दाजी म्हणत्यात, चादर फाडशील."

तिने तार परत ताटात ठेवली.

"बघत काय बसलास, कुंकू लाव गाडीला," ती म्हणाली. "आन त्यो फ्यूज कुठं असतोय ते दाव आधी."

सीट उघडून दाखवलं. तिने स्वतः फ्यूज काढला, परत घातला, पुन्हा काढला. माझ्याकडचा उरलेला आणि भागवतने वाटेसाठी दिलेले दोन, असे तीन फ्यूज बटव्यात ठेवले. बॅटरीची टर्मिनलं कशी पुसायची, हवा किती, तारांना ढील किती, सगळं विचारून घेतलं. "आता हितं मला तार दिसली तर तुझं हात काढून ठिवीन पाटावर," ती म्हणाली. "नवमीला पूजा करीन."

जेवायला मासवडी होती, बेसनाच्या पोटात तीळ-खोबऱ्याचं सारण आणि वर झणझणीत रस्सा. निगडीत सणाला आम्ही डब्यातलं श्रीखंड आणतो. आक्काने मला तीन वड्या वाढल्या, नेहमी पाच वाढते. शिक्षा तेवढीच असेल असं मला वाटलं.

जेवून ती सोनं वाटायला वरच्या वाडीला निघाली. पदर खोचला, किक मारली, मग आठवण होऊन सेल्फ मारला. पारावर माणसं परत येऊन बसली होती, दाजी मधोमध. अकरा वर्षांपूर्वीची तीच मंडळी, फक्त मिशा पांढऱ्या. मी तिच्या मागे चालत पारापर्यंत गेलो.

दाजी म्हणाले, "वायरा-बियरा बघितल्यास का गं? न्हाई तर मागच्या बारीवानी करशील."

दोघं-चौघं हसले, कुजकट नव्हे, सवयीने. मी पुढे झालो. घसा साफ केला. म्हणालो, "दाजी, त्या वेळी—"

आक्काने हॉर्न दाबला. लांब, खणखणीत, सोडेचना. पाराखालचं कुत्रं उठून गेलं. मग तिने मला हाताने जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आज न्हाई. आज मी गाडी चालवणार, ते बघू देत त्यांना. तू बोललास की सगळी तुझ्याकडं बघत्याल. चैत्रात यात्रंला ये. सगळी भावकी असती, पुण्या-मुंबईची पण. तवा बोल."

"आक्का, पण..."

"तवर तार माझ्यापाशी ऱ्हाईल. बोललास की घेऊन जा."

तिने हँडल डावीकडे वळवलं, वाडीच्या रस्त्याला लागली, आणि वळणावरून पुन्हा एकदा हॉर्न दिला. दाजी म्हणाले, "आवाज चांगला हाय की पाव्हणं." मी म्हटलं, "हो."

परत येताना बसने आलो. घरी पोहोचल्यावर मंगलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून तळेगावावरून." हे लिहून काढावं असंही तिनेच सुचवलं. आक्काला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, "लिही की. पण ते पारावरच्या बोलण्यात धरायचं न्हाई."

तेव्हा हे त्यात धरलेलं नाही. तार आक्काच्या बटव्यात आहे. चैत्रातल्या यात्रेला, पारावर उभं राहून, दाजी आणि सगळ्या भावकीसमोर मोठ्या आवाजात एवढंच सांगणं मी अजून देणं लागतो, की गाडी आक्कामुळे जळली नव्हती, माझ्यामुळे जळली होती.